संगणकाचा काटा
आकडेवारीच्या विश्लेषणाचे सॉफ्टवेअर निरनिराळ्या कार्यप्रणालींवर बसविण्याविषयी

व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलास अक्षरओळखीच्याही आधी काट्याची ओळख होते. माल तोलण्यापूर्वी दोन्ही पारडी रिकामी ठेवावीत, काटा मध्यावर स्थिर होतो की नाही हे पाहावे आणि मगच वजन टाकावे, हा धडा त्यास कोणी पुस्तकातून शिकवीत नाही. वडिलांचा हात पाहून तो आपोआप शिकतो.

१९५६ साली आपल्या देशात वजनामापांच्या प्रमाणीकरणाचा कायदा झाला. ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजने टप्प्याटप्प्याने आली आणि शेर व मण काही वर्षांत मागे पडले. आज २००९ सालच्या वैधमापन कायद्यान्वये दुकानातील काट्याची ठराविक मुदतीने पडताळणी करून त्यावर सरकारी मुद्रा उमटवून घ्यावी लागते. परंतु त्याच दुकानात, गल्ल्याच्या शेजारी, जो दुसरा काटा येऊन बसला आहे, त्याची पडताळणी कोणीच करीत नाही. तो काटा म्हणजे संगणक. कोणता माल खपला, कोणता पडून राहिला, कोणत्या महिन्यात किती भांडवल गुंतवावे, हे आज तो तोलून सांगतो आणि आपण निःशंक मनाने मान डोलावतो.

हिमायतनगरातील आमच्या पेढीवर घडलेली गोष्ट येथे सांगणे अप्रस्तुत होणार नाही. पेढीवरील संगणक विंडोजचा आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आमच्या पुतणीचा संगणक मॅकचा आहे. २०२४ सालच्या विक्रीची एकच यादी दोन्ही यंत्रांवर उघडली. चांदीच्या भांड्यांची सर्वांत मोठी विक्री कोणत्या दिवशी झाली, असा प्रश्न होता. पेढीवरील यंत्राने ५ ऑक्टोबर, म्हणजे नवरात्रातील दिवस सांगितला. पुतणीच्या यंत्राने १० मे, म्हणजे अक्षय्यतृतीया सांगितली. नवरात्रातही गिऱ्हाइकी असतेच. त्यामुळे पहिले उत्तर कोणास खोटे वाटले नाही आणि त्याच्या आधारे पुढील वर्षाच्या मालाची मागणीसुद्धा लिहून झाली. "काका, एकदा बिलबुक तरी पाहा," असा आग्रह तिने धरला म्हणून बिलबुक काढले. मुलगी खरी ठरली.

कारण अगदी क्षुल्लक होते. पेढीवरील संगणकावर विंडोज बसविताना 'प्रदेश' या प्रश्नापुढे अमेरिकेचे नाव तसेच राहून गेले होते. अमेरिकेत महिना आधी व दिवस नंतर लिहितात. १०/५/२०२४ ही आपली वैशाखातील तारीख त्या यंत्राने पाच ऑक्टोबर अशी वाचली. प्रत्येक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांची विक्री याप्रमाणे वर्षभर विखुरली गेली. तेराव्या दिवसापासूनच्या तारखा त्यास समजल्याच नाहीत, म्हणून त्या बेरजेतून गळाल्या. दोष यंत्राचा नव्हता. स्थापनेच्या वेळी विचारलेल्या प्रश्नास आम्ही न वाचता होकार दिला होता. त्या एका होकाराने पेढीचे भांडवल पाच महिने चुकीच्या जागी अडकले असते. या अनुभवावरूनच प्रस्तुत लेख लिहिण्याचे आम्ही योजिले.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

जमाखर्च ठेवणे ही एक गोष्ट आणि जमाखर्चाचा अर्थ लावणे ही दुसरी. पहिल्या कामासाठी टॅलीसारखी साधने बहुतेक पेढ्यांवर आहेत व ती तशीच असू द्यावीत. दुसऱ्या कामासाठी, म्हणजे विश्लेषणासाठी, त्यांतील नोंदी बाहेर काढून निराळ्या साधनाकडे सोपवाव्या लागतात. साध्या बेरजा व कोष्टके यांना लिबरऑफिस कॅल्क पुरेसे आहे. त्यापुढे जावयाचे असेल तर 'आर' आणि 'पायथन' ही दोन नावे आज सर्वत्र घेतली जातात. आर ही संख्याशास्त्रासाठीच निर्माण झालेली भाषा होय. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी तिचा आरंभ केला. १९९५ साली ती मुक्त परवान्याखाली सर्वांस खुली झाली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. पायथन ही सर्वसाधारण कामांची भाषा असून १९९१ साली प्रसिद्ध झाली. 'पांडाज' नावाच्या जोडसाधनामुळे ती आकडेवारीच्या कामास योग्य झाली. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असणाऱ्यांनी 'जास्प' किंवा 'जामोवी' घ्यावे. त्यांत कळ दाबून काम होते. ही सर्व साधने विनामूल्य आहेत आणि तिन्ही प्रमुख कार्यप्रणालींवर चालतात.

'विनामूल्य' या शब्दावर आम्ही मुद्दाम भर देतो. महागड्या सॉफ्टवेअरची कुलूप तोडलेली प्रत कोणीतरी पेनड्राइव्हमध्ये आणून देतो आणि आपण ती सहज बसवून घेतो, असा प्रघात बाजारात आहे. श्रावकाच्या तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. चोरून आणलेला माल घेणे हा त्यांतील एक आणि खोटी वजनेमापे वापरणे हा दुसरा. चोरट्या सॉफ्टवेअरने हे दोन्ही अतिचार एकाच वेळी घडतात. कारण ते चोरीचे तर असतेच, परंतु कुलूप तोडणाऱ्याने आत आणखी काय दडविले आहे हे कोणीच सांगू शकत नाही. व्यवहारदृष्ट्या पाहिले तरी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३-ब प्रमाणे अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान ७ दिवस ते ३ वर्षे कारावास व ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. शुद्ध साधन फुकट मिळत असता अशुद्ध साधन का घ्यावे?

कार्यप्रणाली म्हणजे काय?

धनी आणि कारखाना यांच्यामध्ये जसा दिवाणजी असतो, तशी आपण आणि यंत्र यांच्यामध्ये कार्यप्रणाली असते. आपण दिलेली आज्ञा ती यंत्राच्या भाषेत सांगते. कागदपत्रे कोठे ठेवावयाची, कोणास आत सोडावयाचे, हे तीच ठरविते. आज प्रचारात असलेले दिवाणजी मुख्यतः तीन : मायक्रोसॉफ्टचे विंडोज, ॲपलचे मॅकओएस आणि मुक्त परवान्याचे लिनक्स. लिनक्सचे उबुंटू, डेबियन, फेडोरा असे अनेक अवतार आहेत. आपल्याकडील सी-डॅक या संस्थेने तयार केलेले 'बॉस' हेही त्याच कुळातील. प्रत्येकाची रीत निराळी असल्यामुळे एकाकरिता बांधलेले सॉफ्टवेअर दुसऱ्यास उमगत नाही. म्हणून स्थापनेपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. कार्यप्रणाली कोणती व तिची आवृत्ती कोणती? यंत्रातील प्रक्रियक कोणत्या जातीचा? यंत्रावर नवीन वस्तू बसविण्याचा अधिकार आपणास आहे की तो दुसऱ्या कोणाच्या नावे आहे?

चौथी गोष्ट प्रश्नाची नसून नियमाची आहे : सॉफ्टवेअर मूळ ठिकाणाहूनच घ्यावे. आरचे मूळ भांडार 'क्रॅन' या नावाने ओळखले जाते. उतरवून घेतलेली फाइल मूळचीच आहे ना, हे पाहण्यासाठी तिच्यासोबत एक लांबलचक अक्षरमाला दिलेली असते. तिला फाइलचा अंगठ्याचा ठसा म्हणावे. तिन्ही कार्यप्रणालींवर हा ठसा काढण्याची आज्ञा असते. आपण काढलेला ठसा मूळच्याशी तंतोतंत जुळला तरच पुढे जावे. वजनावरील सरकारी मुद्रेचेच हे नवे रूप होय.

विंडोजवरील स्थापना

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून शक्य तेथे विंडोज ११ असावे. क्रॅनवर विंडोजच्या पानावरील 'बेस' या नावाची फाइल उतरवून तिच्यावर दोनदा टिचकी मारली की स्थापना सुरू होते. परवाना वाचून स्वीकारावा. बाकीच्या प्रश्नांची सुचविलेली उत्तरे नवशिक्यास चालतात. परंतु ही सवलत आरच्या प्रश्नांपुरतीच समजावी. विंडोजच्या मांडणीत जाऊन प्रदेश 'भारत' आहे याची खात्री आधी करून घ्यावी. संगणकावरील खात्याचे नाव साध्या रोमन अक्षरांत व मध्ये जागा न सोडता ठेवलेले बरे; अन्यथा पुढे जोडसाधने बसविताना काही वेळा अडचण येते. नंतर 'आरस्टुडिओ' बसवावे. आर हे इंजिन असून आरस्टुडिओ ही चालकाची बैठक आहे. बैठक आधी बसवून इंजिन विसरल्यामुळे काम न चालल्याच्या तक्रारी आम्ही अनेक ऐकल्या आहेत.

पायथन घेणाऱ्यांनी स्थापनेच्या पहिल्याच चौकटीत त्याचा मार्ग नोंदविण्याविषयी, म्हणजे 'पाथ' विषयी, जी खूण विचारलेली दिसते ती करावी. ती राहिली तर पायथन यंत्रावर असूनही हाक मारल्यास ओ देत नाही.

मॅकवरील स्थापना

नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने आपल्या संगणकांत स्वतःचे प्रक्रियक घालण्यास आरंभ केला. त्यापूर्वीची यंत्रे इंटेलची. कोपऱ्यातील सफरचंदाच्या चिन्हाखाली 'या मॅकविषयी' असा विभाग आहे, तेथे 'एम' अक्षराने सुरू होणारे नाव असेल तर यंत्र नव्या जातीचे समजावे. क्रॅनवर या दोन जातींसाठी दोन निरनिराळ्या फाइली ठेवलेल्या आहेत. इंटेलची फाइल नव्या यंत्रावर अनुवादकाच्या साहाय्याने चालते खरी, परंतु दुभाष्यामार्फत केलेल्या सौद्याप्रमाणे तिची चाल मंद होते. शिवाय दोन जातींची जोडसाधने मिसळल्यास घोटाळा होतो. म्हणून आपल्या जातीचीच फाइल घ्यावी.

आरस्टुडिओची फाइल उघडल्यावर त्याचे चिन्ह 'ॲप्लिकेशन्स' या खणात ओढून टाकावे लागते. पुष्कळजण ते ओढतच नाहीत, उघडलेल्या खिडकीतूनच काम करतात आणि यंत्र पुन्हा सुरू केल्यावर सॉफ्टवेअर नाहीसे झाले म्हणून शोध करतात. माल वखारीत न उतरविता गाडीतूनच विकल्यासारखे ते आहे.

लिनक्सवरील स्थापना

जुना, मंद झालेला संगणक टाकून देण्यापूर्वी त्यावर लिनक्स बसवून पाहावे, असे आम्ही सुचवितो. येथे पद्धत निराळी आहे. फाइल शोधत बाहेर जावयाचे नसते; कार्यप्रणालीचे स्वतःचे कोठार असते आणि त्यातून वस्तू मागवावयाची असते. उबुंटू व डेबियनवर कोठारपालाचे नाव 'ॲप्ट' आणि आरच्या गाठोड्याचे नाव 'आर-बेस'. फेडोरावर कोठारपाल 'डीएनएफ'. व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देऊन एका ओळीत आज्ञा दिली की काम होते. मात्र कोठारातील आवृत्ती काहीशी जुनी असू शकते. अगदी नवी हवी असल्यास क्रॅनचे कोठार आपल्या यादीत जोडून घ्यावे. विंडोज व मॅकवर आरची बहुतेक जोडसाधने तयार स्थितीत मिळतात. लिनक्सवर ती पुष्कळदा मूळ संहितेपासून यंत्रावरच घडविली जातात, म्हणून वेळ लागतो व काही पूरक वस्तू आधी असाव्या लागतात. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागल्या म्हणजे काही बिघडले असे समजू नये. पायथन तर लिनक्समध्ये आधीपासूनच असते आणि कार्यप्रणालीची स्वतःची कामे त्यावर चालतात. म्हणून त्यास हात न लावता आपल्या कामासाठी स्वतंत्र कोठडी, म्हणजे 'आभासी परिसर', निर्माण करून त्यातच जोडसाधने बसवावीत.

व्यापाऱ्यांस विशेष जाणवणारे दोष

तारखेचा दोष वर सांगितलाच. त्यावर उपाय एकच : यादीत तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने, २०२४-०५-१० अशी लिहावी, ती कोणत्याही प्रदेशाच्या यंत्रावर एकाच अर्थाने वाचली जाते. तारखेचाच आणखी एक जुना घोटाळा आहे. विंडोजवरील एक्सेल दिवसांची मोजणी १९०० पासून करते, तर मॅकवरील जुने एक्सेल ती १९०४ पासून करीत असे. त्यामुळे जुन्या फाइलीतील तारखा नव्या फाइलीत चिकटविल्यास त्या १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे व एक दिवस इतक्या सरकू शकतात. एवढ्या फरकाने येणे बाकी मुदतीबाहेर गेलेले दिसेल!

दुसरा दोष स्वल्पविरामाचा. आपण सव्वा लाख हा आकडा १,२५,००० असा लिहितो. आर स्वल्पविराम पाहून त्यास संख्या न मानता अक्षरे मानते आणि बेरीज करण्यास नकार देते. यादी बाहेर काढताना स्वल्पविराम व रुपयाचे चिन्ह काढून टाकावे.

तिसरा दोष लिपीचा. गिऱ्हाइकांची व गावांची नावे मराठीत लिहिली असता विंडोजवरील आर पूर्वी त्यांची जागी चमत्कारिक चिन्हे दाखवीत असे. २०२२ साली निघालेल्या ४.२ आवृत्तीपासून ते 'यूटीएफ-८' ही सर्व लिप्यांना सामावणारी पद्धत विंडोजवरही वापरते. मॅक व लिनक्सवर ती आधीपासून होती. एक्सेलमधून यादी काढतानाही 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडावा. फाइलींच्या नावांबाबत हे ध्यानी ठेवावे की रोमन लिपीतील लहान व मोठे अक्षर लिनक्स निराळे मानते, विंडोज तसे मानीत नाही. पेढीवर उघडणारी फाइल मुलाच्या यंत्रावर 'सापडत नाही', त्याचे कारण बहुधा हेच असते.

रिकाम्या पारड्यांची कसोटी

पडद्यावर चिन्ह दिसू लागले म्हणजे स्थापना पूर्ण झाली, ही समजूत सोडून दिली पाहिजे. ज्याचे उत्तर आपणास आधीच ठाऊक आहे असा हिशेब घालून यंत्राची परीक्षा घेतली आणि घरातील सर्व यंत्रांनी तेच उत्तर दिले, म्हणजेच स्थापना पूर्ण झाली. त्यासाठी आम्ही पाच कसोट्या योजिल्या आहेत.

पहिली : षड्रसांपैकी तीन-तीन रस किती प्रकारे निवडता येतील? उत्तर २०. एकापासून सहापर्यंतच्या सर्व निवडींची बेरीज ६३. अशा निवडींचा सामान्य नियम नवव्या शतकात जैन गणिती महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात दिला आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातील हा ग्रंथ. त्या सम्राटाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, आणि १९५६ पर्यंत ते गाव आपल्या हैदराबाद राज्यातच होते.

दुसरी : १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या हिशेबी वर्षाचे, दोन्ही टोके धरून, दिवस किती? २०२४ च्या फेब्रुवारीत २९ दिवस असल्यामुळे उत्तर ३६६.

तिसरी : १०, २० आणि ३० यांचे प्रमाण विचलन काढावे. आर १० सांगेल. पायथनचे 'नमपाय' ८.१६ सांगेल, तर 'पांडाज' १० सांगेल. यांत खोटे कोणी नाही. वर्गांची बेरीज दोनाने भागावयाची की तीनाने, याविषयी त्यांच्या धारणा निरनिराळ्या आहेत. नमुन्यावरून अंदाज बांधावयाचा असेल तेव्हा पहिले उत्तर घ्यावे. आपले साधन कोणती धारणा बाळगते, हे आधी जाणून घ्यावे इतकेच.

चौथी : दहा पैसे व वीस पैसे मिळून तीस पैसे होतात की नाही, हे रुपयाच्या अपूर्णांकांत, ०.१ अधिक ०.२ असे विचारावे. आर व पायथन दोन्ही सर्व यंत्रांवर 'बरोबर नाही' असेच म्हणतील! संगणक द्विमान पद्धतीने मोजतो व त्या पद्धतीत हे अपूर्णांक नेमके मांडता येत नाहीत. फरक अतिसूक्ष्म असतो. बारीक ताळा जुळवावयाचा असेल तेथे सर्व रकमा पूर्ण पैशांत लिहाव्यात.

पाचवी : 'हिमायतनगर' हा शब्द देवनागरीत लिहून तो जसाच्या तसा परत येतो की नाही, हे पाहावे.

समारोप

एकाच यादीस दोन यंत्रे दोन उत्तरे देतात, तेव्हा एकाचा पक्ष घेऊन दुसऱ्यास खोटे ठरविणे सोपे असते. ते उत्तर कोणत्या अपेक्षेने दिले गेले, हे विचारण्याची शिकवण आपणास अनेकान्ताने दिली आहे. भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाविषयी लिहिलेल्या निबंधात स्याद्वादाची तर्कपद्धती आणि संभाव्यतेचा आधुनिक विचार यांतील जवळीक दाखवून दिली होती. आमच्या पेढीवर मात्र त्या दिवशी स्याद्वादाचा आधार घेऊन चालण्यासारखे नव्हते; विक्री १० मे रोजीच झाली होती. अपेक्षा अनेक असू शकतात, परंतु बिलबुक एकच असते. म्हणून यंत्राचे उत्तर मूळ नोंदीशी ताडून पाहण्याची सवय आपण कधीही सोडू नये, आणि घरातील लहानाने शंका घेतली तर ती वय पाहून बाजूला सारू नये.

दीपावलीस आपण वहीपूजन करतो आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेस, वीर निर्वाण संवताचे नवे वर्ष आरंभितो. या वर्षी त्या दिवशी घरातील सर्व संगणक एका बैठकीवर आणावेत, मुलामुलींच्या हातून वरील पाच कसोट्या घालाव्यात, आणि उत्तरे, तारीख व सॉफ्टवेअरची आवृत्ती नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी. आमच्या वहीत ते पान आमच्या पुतणीने लिहिले आहे. पेढीवरील संगणकाचा प्रदेशही आता भारत आहे.